बिअरची धार: ब्रामाच्या पेटंटाचा फेरविचार

इंग्लंडांतील मद्यगृहांचा इतिहास सांगणाऱ्या पुष्कळ पुस्तकांतून एक विधान निःशंकपणें केलेलें आढळतें. तें असें कीं, तळघरांतील पिंपांतून बिअर वर ओढून घेण्याचा हातपंप जोसेफ ब्रामा या यंत्रकारानें इ. स. १७९७ त शोधून काढला आणि आजची तोटीची बिअर ही त्या पंपाचीच संतति होय. या विधानाचे दोन भाग आहेत व आमच्या मतें ते दोन्ही तपासून घेण्याजोगे आहेत. पंप ब्रामाच्या आधींचा आहे. आणि तोटीची बिअर पंपापासून निघालेली नाहीं. ब्रामाचा तिच्याशीं संबंध आहे खरा, परंतु ज्या गोष्टीसाठीं त्याचें नांव घेतलें जातें तिच्यामुळें नव्हे.

मद्यासारखा विषय या पृष्ठांवर कशास, असें कोणी म्हणेल. परंतु शोधाचें श्रेय कोणास द्यावयाचें हा प्रश्न आला म्हणजे तोफ काय आणि तोटी काय, पुराव्याचें माप एकच असतें. शिवाय या प्रकरणीं श्रेयाच्या घोटाळ्याचा परिणाम आजच्या व्यवहारापर्यंत पोंचलेला आहे. आज परदेशांत पुष्कळ लोक स्वतःच्या घरीं शीतकपाटांत पिंप ठेवून त्यास तोटी बसवितात, आणि पेल्यांत बिअरऐवजीं नुसता फेस आला म्हणजे बिअर वर चढविणारा जोर कमी करीत सुटतात. जोराचा प्रश्न पंपाचा. फेसाचा प्रश्न निराळा. हे दोन प्रश्न इतिहासांत वेगवेगळे कसे उद्भवले आणि पुढें एकांत एक कसे मिसळले, हें दाखविण्याचा यत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम पंपाचें पाहूं. जॉन लॉफ्टिंग हा मूळचा डच गृहस्थ ॲमस्टरडॅमहून इ. स. १६८८ च्या सुमारास लंडनला येऊन राहिला. आगीवर पाण्याचा मारा करण्याचें यंत्र आणि शिंप्यांचीं अंगुस्तानें बनविण्याचें यंत्र, या दोहोंसाठीं तो प्रसिद्ध आहे. ‘लंडन गॅझेट’ पत्रांतील मार्च १६९१ च्या एका जाहिरातींत, आगीच्या यंत्राच्या मक्तेदारांनीं बिअर व इतर पेयें उपसण्याचेंही एक यंत्र सिद्ध केलें असल्याचें कळविलें आहे. (इंग्लंडांत त्या काळीं वर्ष २५ मार्चला पालटत असे, हें मार्च महिन्याच्या तारखा वाचतांना ध्यानांत ठेवावें लागतें.) या जाहिरातीवरून हातपंपाचें जनकत्व ब्रामाकडून काढून लॉफ्टिंगला देण्याची आतां रूढि पडत आहे. पण आमच्या मतें तीही चूकच आहे. जाहिरातींत यंत्राची शक्ति तासास २० ते ३० पिंपें अशी दिली आहे. बिअरचें एक पिंप ३६ गॅलनांचें धरलें तर कमींत कमी हिशेबानेंही मिनिटास १२ गॅलन, म्हणजे जवळजवळ १०० पाइंट बिअर झाली. इतकी बिअर पेल्यांत कोण झेलणार? शिवाय तेथें यंत्राच्या कामास जो शब्द वापरला आहे तो मद्य गाळणाऱ्यांच्या परिभाषेंतला असून त्याचा अर्थ एका पात्रांतील माल दुसऱ्या पात्रांत रिता करणें असा आहे. अर्थात् हें यंत्र कारखान्यांतील हौद उपसण्याचें होतें. गिऱ्हाइकापुढच्या फळीवर बसविण्याचें नव्हतें. त्याची बांधणी ब्रामाच्या शंभर वर्षें आधीं ठाऊक होती एवढेंच यावरून सिद्ध होतें, आणि आमच्या पहिल्या मुद्द्यास तेवढें पुरेसें आहे.

पंप येण्यापूर्वीं मद्यगृहांत पोऱ्या सुरई घेऊन तळघरांत जाई, लांकडी पिंपाच्या तोटीखालीं ती भरी व जिना चढून वर येई. पंपानें जिन्याची खेप वांचविली. दांडा एकदां ओढला कीं साधारणपणें अर्धा पाइंट बिअर पेल्यांत येते, दोन ओढींत पाइंट भरतो. परंतु पिंपांत जें घडत होतें तें पंपानें बदललें नाहीं. बिअर जितकी बाहेर निघते तितकी हवा पिंपाच्या वरच्या भोकांतून आंत शिरते. हवा शिरली कीं बिअरमध्यें मुरलेला वायु निसटूं लागतो आणि दोनचार दिवसांत बिअर प्रथम मिळमिळीत व मग आंबट होते. मोठ्या खपाच्या मद्यगृहास याची झळ लागत नसे, कारण पिंप आंबण्यापूर्वीं संपे. ज्याचा खप थोडा त्याची मात्र पंचाईत होई. ही थोड्या खपाची अडचण पुढें घरगुती पिंपाच्या प्रकरणांत पुन्हां भेटणार आहे.

जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) हा यॉर्कशरचा. मलपात्राच्या झडपेचें पेटंट त्यानें १७७८ त घेतलें, कुलपाचें १७८४ त, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचें १७९५ त. त्याचें कुलूप उघडणारास २०० गिनी देण्याची पाटी त्याच्या दुकानांत लागलेली असे, आणि ती पैज १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वर्षीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें जिंकली; तोंपर्यंत ब्रामास मरून ३७ वर्षें होऊन गेलीं होतीं. झडप, कुलूप, दाबयंत्र, या तिहींत एकच बुद्धि वावरते: द्रव असो वा चोर असो, त्याला नको तेथून वाट द्यावयाची नाहीं.

त्याच्या १७९७ च्या पेटंटाचें शीर्षकच या वादांत फार बोलकें आहे. सर्व प्रकारचीं पेयें राखून ठेवणें, निवळ करणें, टिकविणें व काढून घेणें, असा त्यांतील शब्दांचा क्रम आहे. काढून घेणें हें शेवटीं आलें आहे. पेटंटांत हातपंपाची एक रचना आहे, नाहीं असें नाहीं. परंतु मुख्य कल्पना निराळीच आहे. तळघरांतील भांड्यांत पेयाच्या पृष्ठभागावर सरकता दट्ट्या बसवावयाचा, त्यावर वाळूनें भरलेल्या जड पेटीचें ओझें ठेवावयाचें, आणि त्या ओझ्याच्या दाबानें बिअर नळीवाटे आपोआप वर चढवावयाची. वर नुसती तोटी उघडली कीं धार लागते. दट्ट्या बिअरच्या पाठोपाठ खालीं उतरत असल्यामुळें हवेस आंत शिरावयास जागाच राहत नाहीं.

म्हणजे ब्रामानें पंप शोधला नाहीं. पंप नको करून टाकण्याची युक्ति शोधली. बिअर ओढावयाची नाहीं, मागून दाबावयाची, आणि दाबतांना हवेचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं. आजच्या बंद पिंपाचें तत्त्व हेंच आहे, फक्त वाळूच्या पेटीच्या जागीं वायु आला आहे. वाळूच्या पेट्या व्यवहारांत टिकल्या नाहींत. पंप स्वस्त व सोपा होता. तो राहिला, आणि त्याच्या पितळी दांड्यावर ब्रामाचें नांव चिकटलें.

वाळूच्या जागीं वायु यावयास आधीं वायूचें ज्ञान व्हावयास हवें होतें, आणि तें ज्ञान मद्याच्या कारखान्यांतूनच निघालें, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ त लीड्स येथें एका बिअरच्या कारखान्याशेजारीं राहत होता. आंबणाऱ्या हौदावर एका जड वायूचा थर तरंगतो हें त्यास ठाऊक होतें. तोच हा वायु, ज्याला जोसेफ ब्लॅकनें थोड्याच वर्षांपूर्वीं ‘स्थिर वायु’ म्हणून ओळखलें होतें व ज्यास आपण कर्बाम्ल वायु किंवा कार्बन डायऑक्साइड म्हणतों. प्रीस्टलीनें त्या थरांत दोन पात्रें धरून पाणी एकांतून दुसऱ्यांत ओतलें, तों पाणी चुणचुणीत झालें. १७७२ त त्यानें यावर एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढील वर्षीं त्यास रॉयल सोसायटीचें कोप्ली पदक मिळालें. सोडावाटरचा जन्म येथला. १८०३ त मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनें त्यामागचा नियम मांडला: द्रवांत मुरणाऱ्या वायूचें प्रमाण वरील दाबाबरोबर वाढतें, आणि द्रव जितका थंड तितका वायु अधिक मुरतो.

बिअरच्या धारेचें सर्व शास्त्र या दोन ओळींत आहे. पिंपांतील दाब हा बिअरला वर ढकलण्यासाठीं नसून तींतील वायु तींतच बसवून ठेवण्यासाठीं आहे; ढकलण्याचें काम तो जातां जातां करतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

हें ध्यानांत यावयास पाऊणशें वर्षें लागलीं. जर्मनींत मध्यंतरीं पिंपांत हवाच पंपानें कोंबून बिअर वर चढविण्याची पद्धत पडली होती. बिअर चढे, पण तळघराची सारी दुर्गंधि बिअरमध्यें उतरे आणि आंबण्याचा दोष तसाच राही. अमेरिकेंत मेजवानीसाठीं भाड्यानें आणलेल्या पिंपावर जो हातपंप बसवितात तो हाच प्रकार असून, तसें पिंप एका दिवसांत संपवावें लागतें. १८८० च्या सुमारास हॅनोव्हर येथील विल्हेल्म रायट यानें द्रवरूप कर्बाम्ल वायु लोखंडी नळकांड्यांत भरून त्याच्या जोरावर बिअर काढण्याची रीत बसविली. त्याच दशकाच्या आगेमागें म्यूनिकच्या कार्ल लिंडेचें शीतयंत्र कारखान्यांत शिरलें होतें. दाब आणि थंडी, हेन्रीच्या नियमाचीं दोन्ही अंगें, अशा रीतीनें माणसाच्या हातीं आलीं. ब्रामाची दट्ट्याची कल्पना येथें खरी सिद्धीस गेली. रायटचें नांव मात्र मद्यगृहांच्या इंग्रजी इतिहासांतून क्वचितच भेटतें.

आतां हें सर्व घरांत कसें शिरलें तें पाहूं. इंग्लंडांत ग्लॅडस्टननें १८८० त घरीं बिअर करणारांवर परवान्याचें बंधन घातलें. तें रेजिनॉल्ड मॉडलिंग यानें १९६३ त उठविलें. अमेरिकेंत अध्यक्ष कार्टर यांनीं ऑक्टोबर १९७८ त सही केलेल्या कायद्यानें घरगुती बिअरवरील करबंधन दूर झालें व तो फेब्रुवारी १९७९ पासून अमलांत आला. पण बिअर घरीं केली तरी ती ठेवावयाची कशांत? येथें शीतपेयांचा धंदा उपयोगीं पडला. त्या धंद्यांत कॉर्नेलियस नांवाचें पोलादी पिंप चालत असे. तें उंच, बारीक, ५ अमेरिकन गॅलनांचें, म्हणजे सुमारें १९ लिटरांचें. कंपन्यांनीं त्याऐवजीं खोक्यांतील पिशव्या वापरण्यास आरंभ केल्यावर हीं पिंपें मोडींत निघालीं आणि घरीं बिअर करणारांनीं तीं उचललीं. एक जुनें शीतकपाट, एक पिंप, वायूचें एक नळकांडें, दाब दाखविणारें घड्याळ, हातभर नळी व एक तोटी, एवढा हा संसार.

आपल्याकडे तो थाटतां येत नाहीं. १९४९ चा मुंबई दारूबंदीचा कायदा पुढें महाराष्ट्राच्या नांवानें चालू राहिला असून परवान्यावांचून मद्य करणें त्यान्वयें गुन्हा आहे. त्यामुळें घरगुती तोटीचा अनुभव घेणारे मराठी लोक असतील ते परदेशांतलेच. तथापि तोटीचा विषय निघाला आहे तर एका शब्दाची हकीकत येथें नोंदून ठेवावीशी वाटते. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणींत विलायतेच्या जहाजाची वाट पाहत पडलेले गोरे शिपाई कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत. त्यावरून त्यांच्या बोलींत ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. यांतील ‘टॅप’ म्हणजे इंग्रजी तोटी नव्हे, आपला ताप आहे. २००९ त पुण्यांत निघालेल्या बिअरच्या एका छोट्या कारखान्यानें ‘डूलाली’ हें नांव घेतलें, तेव्हां देवळालीचा अपभ्रंश फिरून घाटावर आला आणि योगायोगानें तोटीपाशींच येऊन बसला.

घरगुती मांडणीकडे वळूं. साधारण बिअरमध्यें तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायु मुरलेला असतो. एक लिटर बिअरमध्यें अडीच लिटर. शीतकपाटांत उष्णमान ३ अंश सेंटिग्रेड असेल तर हें प्रमाण कायम राखण्यास दर चौरस इंचास ११ ते १२ पौंड दाब लागतो. उष्णमान १५ अंशांवर गेलें तर त्याच कामास जवळजवळ दुप्पट दाब हवा. आतां तोटी उघडली म्हणजे १२ पौंडांचा जोर एकदम मोकळा होतो, धार वेगानें पेल्यावर आदळते आणि सगळा फेस होतो. माणसाला सहज सुचतें तें हें कीं, दाब कमी करावा. पंपाच्या इतिहासानें हीच समजूत मनांत भरविलेली असते: दाब म्हणजे ढकलणें, ढकलणें जास्त झालें म्हणून फेस. म्हणून तो दाब ५ पौंडांवर आणतो. धार मंद होते; फेस मात्र वाढतो. कारण ५ पौंडांत तेवढा वायु बिअरमध्यें राहूं शकत नाहीं. तो नळींतच बुडबुडे होऊन सुटूं लागतो आणि तोटींतून बिअर व वायु यांचें मिश्रण फुरफुरत बाहेर पडतें. शिवाय आठ दिवसांत सारें पिंप मिळमिळीत होतें. रोग जोराचा नव्हताच.

उपाय दाबांत नाहीं, नळींत आहे. दाब आहे तसा ठेवून वाटेंत अडथळा घालावयाचा, म्हणजे बिअर पिंपापासून तोटीपर्यंत येतां येतां दाब हळूहळू खर्ची पडतो व तोटीशीं ती शांतपणें पोंचते. हा अडथळा म्हणजे बारीक व लांब नळी. बारीक नळींतून द्रव किती वाहतो याचे सूक्ष्म प्रयोग फ्रेंच वैद्य प्वाझई यानें १८४० च्या सुमारास केले. त्याचें लक्ष्य रक्तवाहिन्या हें होतें, बिअर नव्हे. परंतु त्याच्या नियमाचें तात्पर्य येथेंही लागू पडतें: तेवढाच द्रव वाहवावयाचा असतां नळीचा व्यास निम्मा केला तर अडथळा दुप्पट होत नाहीं, सोळापट होतो, आणि वेगानें खळबळत जाणाऱ्या बिअरच्या बाबतींत सोळापटीहूनही अधिक. घरगुती मांडणींत आंतून ३/१६ इंच व्यासाची नळी वापरतात. मद्यगृहांसाठीं केलेल्या कोष्टकांत अशा नळीच्या दर फुटास २ ते ३ पौंड दाब खर्ची पडतो असें धरतात, आणि तोटी पिंपापेक्षां जितकी उंच त्याच्या दर फुटास अर्धा पौंड आणखी. या हिशेबानें ४–५ फूट नळी पुरावी. प्रत्यक्षांत घरीं १० फूट नळी घेणारांचीच धार चांगली पडते. याचें कारण कोष्टकें मद्यगृहाच्या घाईसाठीं आहेत, मिनिटास एक अमेरिकन गॅलन या वेगासाठीं. घरच्या माणसास तेवढी घाई नसते, आणि धार जितकी सावकाश तितका नळीचा अडथळा कमी भरतो, म्हणून नळी लांब लागते. लांब नळीनें नुकसान एवढेंच कीं पेला भरावयास कांहीं सेकंद जास्त लागतात.

याउपरही पहिला पेला फेसाळ येतो, आणि त्याचें कारण पुन्हां हेन्रीचेंच. पिंप खालीं थंडींत असतें, पण तोटी बाहेर किंवा वर उबेंत असते. नळींत थांबलेली बिअर व धातूची तोटी तापलेली असते आणि ऊब लागतांच वायु सुटतो. दुसऱ्या पेल्यापर्यंत तोटी थंड होते व धार सुधारते. तोटीच्या खांबांत थंड हवा खेळविणारा छोटा पंखा बसविला कीं हा दोष बहुतेक जातो. येथें जुन्या मद्यगृहांची आठवण होते. तेथें तळघरापासूनच्या नळ्या शिशाच्या असत, आणि रात्रभर नळींत राहिलेली बिअर सकाळीं प्रथम येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पोटांत शिसें घेऊन जाई; म्हणून ती ओतून टाकण्याचा सल्ला दिला जात असे. पहिला पेला दोन्ही काळीं वाईटच, पण एकाचा दोष विषाचा आणि दुसऱ्याचा नुसता उबेचा.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्या चुकल्या तर वरील सर्व हिशेब फुकट जातो. तोटी पूर्ण उघडावी. अर्धवट उघडल्यास तोंडाशींच चिंचोळी वाट होऊन बिअर खवळते. पेला थंड पाण्यानें विसळून, तिरपा धरून, बिअर कांठावरून उतरूं द्यावी व अर्ध्याच्या वर आल्यावर तो सरळ करावा. पेल्यास तुपातेलाचा अंश असेल तर फेस टिकत नाहीं. नळी दर पंधरवड्यास क्षारानें व मधून मधून अम्लानें धुवावी, कारण तिच्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटची पुटें बसतात व त्यांच्या खडबडीत पृष्ठावर बुडबुडे जन्मतात.

१९७१ त स्थापन झालेल्या खऱ्या एलच्या चळवळीनें इंग्लंडांत वायूच्या पिंपाविरुद्ध व हातपंपाच्या बाजूनें मोठी मोहीम चालविली. तिनें पिंपांतील जिवंत बिअर वांचविली हें तिचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु पंप म्हणजे परंपरा आणि दाब म्हणजे नवें खूळ, ही तिच्या अनुयायांची मांडणी ब्रामाच्या पेटंटापुढें टिकत नाहीं. त्या एकाच कागदांत दोन्ही आहेत.

शेवटचें उदाहरण डब्लिनचें. गिनेसची काळी बिअर मद्यगृहांत दोन पिंपांतून भरीत: एकांत वायु अधिक मुरलेला, दुसऱ्यांत कमी. अधिकांतून फेस घ्यावयाचा, तो बसूं द्यावयाचा, मग कमींतून पेला पुरा करावयाचा. यास कसबी हात लागे. मायकेल ॲश हा केंब्रिजचा गणिती १९५१ त त्या कारखान्यांत आला. बिअरमध्यें फारसा न मुरणारा नत्र वायु कर्बाम्ल वायूबरोबर मिसळल्यास दाब वाढवूनही बिअर अति वायुमय होत नाहीं, हें त्यानें ओळखलें, आणि १९५९ त, कारखान्याच्या द्विशताब्दीच्या वर्षीं, दोन पिंपांचें काम एका पिंपांत आणलें. अशा बिअरला आज सुमारें ३० ते ३५ पौंड दाब लावतात. साध्या बिअरच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या दाबास नळी लांबवून भागत नाहीं. म्हणून तोटीच्या तोंडांतच बारीक भोकांची एक चकती बसविलेली असते. त्या भोकांतून रेटली जातांना नत्र सुटतो आणि त्याच्या अति सूक्ष्म बुडबुड्यांचा दाट, सायीसारखा फेस होतो; बुडबुडे मात्र पेल्याच्या कडेनें वरून खालीं उतरतांना दिसतात.